खोतांच्या गाडीचं सुकाणू

मोटारीचं स्टेरिंग काढायला एक पाना आणि चार मिनिटं लागतात. खोतांच्या गाडीचं स्टेरिंग मी एकदा गावाच्या सांगण्यावरून काढलं आणि एकदा मार खाऊन बसवलं. मध्ये फक्त पंधरा दिवस गेले. तेवढ्यात दोन माणसं मेली, आणि माझे हे हात असे झाले. लोक हातांकडे बघतात आणि विचारायला लाजतात. लाजू नका. सांगतो.

मी जातीचा कोळी, पण होडीत पाय टाकला की पोटातलं सगळं बाहेर. कोळीवाड्यातली पोरं मला 'कोरडा कोळी' म्हणून चिडवायची. बापाने दोन हंगाम कळ काढली आणि मग मांडव्याच्या धक्क्यावरून मला मुंबईला पिटाळलं. त्या पडावातही मी ओकलोच. गिरगावातल्या एका गॅरेजात सात वर्षं ग्रीसमध्ये कोपरापर्यंत हात घालून मोटार उघडायला नि जोडायला शिकलो. सन तेहतीसला आमच्या खोतांच्या धाकट्या चिरंजिवांनी, आबासाहेबांनी, विलायतेहून शर्यतीची गाडी मागवली आणि तिच्यासोबत मलाही नोकरीला ठेवलं. असा मी गावाजवळ परत आलो.

लाल, बुटकी, दोनच माणसांची गाडी. डोक्यावर छप्पर नाही, आवाज मात्र गिरणीचा. मी ड्रायव्हर नावाचाच होतो. गाडी आबासाहेब स्वतः हाकत. मी डाव्या बाजूला बसायचं, बंद पडली की खाली उतरायचं आणि शिव्या खायच्या. रस्त्यांना खड्डे, म्हणून ते गाडी किनाऱ्यावर पळवत. अमावास्या-पौर्णिमेच्या ओहोटीला पाणी लांब जातं आणि आमच्याकडची वाळू फरशीसारखी घट्ट होते. नेमकी तीच ओहोटी आमच्या लोकांना लागते. होडी एका अंगावर कलती करतात, खाली लाकडाचे दोन टेकू देतात आणि माणूस पोटाखाली शिरून शेवाळ खरवडतो, तेल लावतो. किनारा एक, ओहोटी एक, आणि दोघांनाही ती आपल्या बापाची वाटायची.

मार्गशीर्ष अमावास्येची संध्याकाळ होती. माझ्या बहिणीचा, केसरचा नवरा भिकू, आपल्या होडीखाली उताणा पडून तेल लावत होता. मला आयुष्यात कधीही कोरडा कोळी न म्हणणारा वाड्यातला तो एकटाच माणूस. लांबून मला होडी दिसली, खाली त्याचे पाय दिसले.

"आबासाहेब, वरच्या अंगाने घ्या," मी म्हणालो.

मी सांगितलं म्हणूनच त्यांनी गाडी खालच्या अंगाने घातली. तिथे वाळूत पाणी साचलं होतं. गाडीचं मागचं अंग घसरलं, गर्रकन फिरलं आणि दोन्ही टेकू उडवून गेलं. टेकू मोडल्याचा आवाज मोठा झाला. भिकूचा आवाज आलाच नाही. होडी बसली. बाहेर राहिलेल्या त्याच्या टाचांनी वाळूत दोन चर खणले, आणि मग त्या थांबल्या. केसर तेलाचं मडकं घेऊन दहा पावलांवर उभी होती.

बारा जणांनी होडी उचलली. खाली जे होतं ते मी सांगणार नाही. गाडी थोडी पुढे जाऊन बंद पडली होती. आबासाहेब उतरले, मागे फिरून बघितलं आणि मला म्हणाले, "दयाऱ्या, मडगार्ड चेमटलं की काय बघ."

हे वाक्य केसरने ऐकलं. तिने हातातलं मडकं त्यांच्या तोंडावर फोडलं. मग सगळा वाडा तुटून पडला. कोणी वल्हं घेतलं, कोणी मोडका टेकू घेतला. आबासाहेबांचा पुढचा दात वाळूत पडला, कपाळ फुटलं, आणखी थोडा वेळ गेला असता तर तिथेच संपले असते. आमचा पाटील शिवदास मध्ये पडला. दांडगा म्हातारा, त्याने स्वतःच्या पाठीवर दोन तडाखे खाल्ले आणि ओरडला, "मारू नका! रीत हाय ना आपली? रीतीनं करा!"

रीत अशी. एका होडीने दुसऱ्याचं जाळं फाडलं, होडी फोडली, माणूस जायबंदी केला, तर गाव त्या होडीचं सुकाणू काढतं आणि ज्याचं नुकसान झालं त्याच्या दारात नेऊन ठेवतं. गुन्हेगाराने अनवाणी, उघड्या डोक्याने त्या उंबऱ्याशी यायचं, खाली बसायचं आणि म्हणायचं, 'गुन्हा माझा, सुकाणू माझं, दे.' मागायला आलेल्याला नाही म्हणायचं नाही. आणि तो येत नाही तोवर त्याची होडी किनाऱ्यावर कुजली तरी चालेल. सरकारचा कायदा आमच्या दारापर्यंत कधी आलाच नव्हता, त्यामुळे आमचं यावरच भागत असे.

शिवदास पाटील माझ्याकडे वळला. "दयाराम, गाडीचं सुकाणू कुठलं ता तुलाच ठाव. काढ."

आबासाहेब वाळूत बसले होते. तोंडातलं रक्त थुंकून म्हणाले, "हात लावलास तर हात तोडीन तुझा."

एकीकडे पोटाची भाकरी, दुसरीकडे भिकूवर पांघरलेलं शीड. मी हत्यारांच्या पेटीतून पाना काढला. नट सोडवला, दोन्ही गुडघे लावून स्टेरिंग वर ओढलं आणि केसरच्या हातात दिलं. खोटं कशाला बोलू? मला बरं वाटलं. नवऱ्याचं प्रेत समोर असताना माझी बहीण ते काळं चाक छातीशी धरून उभी राहिली आणि पाटलाने माझ्या पाठीवर हात ठेवला. "आज तू कोली झालास," तो म्हणाला.

इथेच आमच्या लोकांची चूक झाली, आणि ती मला एकट्यालाच कळत होती. होडीचं सुकाणू त्या एका होडीसाठी घडवलेलं असतं. दुसऱ्या होडीचं आणून लावलं तर बसत नाही. म्हणून सुकाणू गेलं की होडी मेली, असा आमचा हिशेब. मोटारीचं तसं नसतं. मुंबईच्या भंगारात अशी पन्नास स्टेरिंगं पडलेली असतात. ते मी त्या वेळी बोलायला हवं होतं. पण आयुष्यात पहिल्यांदा गावाने मला आपलं म्हटलं होतं, आणि मी पाना पुसून पेटीत ठेवला.

फौजदार आला. खोतांच्या ओसरीवर चहा प्याला, 'होडी कलंडून मृत्यू' असं लिहून निघून गेला. बैल लावून ओढून नेलेल्या गाडीत माझी हत्यारांची पेटी राहिली होती, ती आणायला तिसऱ्या दिवशी मी खोतांच्या वाडीत गेलो. अक्कल गहाण टाकूनच गेलो म्हणा. चौघांनी धरून मला पोफळीला बांधलं. आबासाहेबांनी काथ्याचा दोर हौदात भिजवला आणि हात दुखेपर्यंत मारलं. दमले की गड्याकडून पाणी घेत आणि पुन्हा सुरू करत. थोरले खोत, आबासाहेबांचे वडील दादासाहेब, ओसरीवर जपमाळ घेऊन बसले होते. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी मान फिरवली.

पाठीची सालं निघालेल्या अवस्थेत मला वाड्यात आणून टाकलं, आणि दुसऱ्या सकाळी आठ लाठीवाले स्टेरिंग हिसकावून न्यायला आले. ते सकाळी आले ही त्यांची चूक, कारण होड्या नुकत्याच लागल्या होत्या आणि सगळे पुरुष किनाऱ्यावर होते. अंगणात लाठ्यांना वल्ही भिडली. बायकांनी मासळी कापायचे कोयते काढले. एका लाठीवाल्याचा कान तुटून जवळ्याच्या चटईवर पडला. शिवदास पाटलाचा उजवा हात कोपरात उलटा मोडला, तरी तो डाव्या हाताने एकाच्या नरड्याला धरून होता. केसर उंबऱ्यात स्टेरिंगवर बसून राहिली. दोघांनी तिचे केस धरून ओढलं, ती उठली नाही. एकाच्या मनगटाचा लचका तोडला तिने. मी पालथा पडून हे सगळं बघत होतो आणि माझ्याने उठवत नव्हतं. शेवटी लाठीवाले आपली माणसं उचलून पळाले.

वाड्याला वाटलं आपण जिंकलो. आता आबासाहेब येणार, उंबऱ्याशी बसणार. केसर रोज सकाळी उंबरा सारवायची, त्याला बसायला जागा ठेवायची.

पौष पौर्णिमेच्या आदल्या दिवशी आबासाहेब आले खरे, पण बंदूक घेऊन आले, आणि उंबऱ्यापर्यंत आलेच नाहीत. रस्त्यावरून मला हाक मारली. मुंबईहून दुसरं स्टेरिंग आलं होतं. उद्या पहाटेच्या ओहोटीला त्यांचे मुंबईचे दोस्त घड्याळ लावून गाडीचा वेग बघायला येणार होते.

"तू येऊन बसवशील," ते म्हणाले, "नाहीतर आज किनाऱ्यावरची प्रत्येक होडी पेटवीन. डबे आणलेत मी."

मागे बैलगाडीत रॉकेलचे डबे होते. मी हो म्हणालो.

केसर दारात उभी होती. "दुसरं बसतं?" तिने विचारलं.

"बसतं."

"तुना ठाव होतं?"

मी मान डोलावली.

ती स्टेरिंगकडे बघत राहिली. "म्हंजे ह्या येवरे दिवस मी नुसत्या लाकराला राखत बसले," ती म्हणाली. मग माझ्या जवळ आली, माझं तोंड दोन्ही हातांत धरलं. तिचे हात तापले होते. "जा. बसव. पण असा बसव दादा, का त्याचे हातात येल. माझे भिकूची आन हाय तुना."

पौर्णिमेच्या पहाटे खोतांच्या वाडीत मी कामाला बसलो. नवीन स्टेरिंगचं भोक किंचित मोठं होतं. त्यात तांब्याच्या पत्र्याची पट्टी घालून ते दांड्यावर घट्ट केलं, चाक दांड्यावर नुसतं फिरू नये म्हणून लोखंडी चावी, म्हणजे पाचरच, खाचेत ठोकली आणि वरून नट आवळला. केसरची शपथ कानात होती. नट दोन फेरे ढिला ठेवला असता तर कोणाला कळलं नसतं. दोनदा तसं करायला गेलो. पण गॅरेजात पहिल्या दिवशी मालकाने कानफटात मारून शिकवलं होतं, की इंजिनात हरामखोरी केलीस तर गाडी थांबते, स्टेरिंगात केलीस तर माणूस मरतो. सात वर्षांची सवय हातात मुरली होती. हातांनी काम चोख केलं. मन शिव्या देत राहिलं, बहिणीचा तळतळाट घेतोस म्हणून, पण काम चोख झालं.

आबासाहेब आले. स्टेरिंग हलवून बघितलं, माझ्याकडे बघितलं. ज्याने पाप केलंय त्याला सगळीकडे तेच दिसतं.

"नट ढिला ठेवलायस तू."

"न्हाय, आबासाहेब. बरोबर हाय. जास्त आवळू नका, ह्या चाकाचा सगळा भार त्या नटावरच हाय."

त्यांनी माझ्या हातून पाना हिसकावला. त्याच्या दांड्यावर हातभर लांब नळी अडकवली, म्हणजे जोर दुप्पट येतो, आणि सगळं अंग टाकून ओढलं. नट करकरला. त्यांनी आणखी ओढलं. मग नट एकदम हलका झाला आणि गरागरा दोन फेरे फिरला.

मिस्त्री असाल तर तुम्हाला आत्ताच कळलं असेल. नटाचे आटे मेले होते. आता तो नट नुसता टोपी म्हणून वर बसला होता. आबासाहेबांना मात्र भलतंच कळलं. त्यांचे डोळे चमकले.

"दोन फेरे! बघ, दोन फेरे ढिला ठेवला होतास, हरामखोरा!"

"आबासाहेब, तो नट..." मी म्हणालो.

पाना माझ्या तोंडावर बसला. दोन दात घशात गेले. मी खाली पडलो, तर बरगडीत लाथ बसली.

दुसऱ्यांदा सांगता आलं असतं. तोंडात रक्त होतं, पण जीभ शाबूत होती. मी त्या वेळी मनात भिकूच्या टाचा बघत होतो. मी सांगितलं नाही.

"शेजारी बस," आबासाहेब म्हणाले. "काही कारस्थान केलं असशील तर तूही मरशील."

मी शेजारी बसलो. नाही म्हणणं म्हणजे सांगणंच झालं असतं. आणि खरं सांगायचं तर त्या घडीला माझ्या जिवाची मला पर्वा नव्हती. हा माणूस मरतोय ना, मग मी बघायला हवं, इतकंच डोक्यात होतं.

किनारा मोकळा पडला होता. सूर्य नुकता डोंगरावर आला होता. दोस्तमंडळी अर्ध्या मैलावर घड्याळ घेऊन उभी होती. आबासाहेबांनी गाडी सोडली. समुद्र डावीकडे, वाडा उजवीकडे. वारा फुटलेल्या तोंडाला झोंबत होता. मी डोळे मिटणार होतो, पण समोर बघितलं.

भिकूची होडी जिथे पडली होती तिथे केसर उभी होती. हातात जुनं स्टेरिंग. ती बघायला आली होती. मी तिची शपथ पाळली असणार, याची तिला खात्री होती.

"थांबवा!" मी ओरडलो. "नटाचे आटे गेलेत, थांबवा!"

आबासाहेब हसले. केसरला ओळखलं त्यांनी. तिला घाबरवायला गाडी जरा उजवीकडे वळवली, अगदी अंगावरून न्यायची आणि शेवटी बाजूला घ्यायची म्हणून. चाक वाळूतल्या चरात आपटलं, आबासाहेबांनी तोल सावरायला स्टेरिंग घट्ट धरून वर ओढलं, आणि ते सगळंच्या सगळं त्यांच्या हातात आलं. नट माझ्या मांडीवर पडला.

ते स्टेरिंग फिरवत होते. हवेत. डावीकडे, जोरात डावीकडे. पाय भीतीने पेट्रोलवर दाबलेला. गाडी सरळ केसरवर चालली होती आणि केसर हलत नव्हती.

मी त्यांच्या अंगावर पडलो आणि तो उघडा दांडा दोन्ही हातांनी धरला. बोटभर जाडीचा दांडा, त्यावर उभी लोखंडी चावी. पकड कसली, ती चावी तळव्यात घुसली तेव्हाच पकड आली. मी पिळलं. तळहात फाटत गेला, आतून काहीतरी तट्कन तुटलं, मी पिळत राहिलो. गाडी केसरच्या लुगड्याला घासून डावीकडे वळली, पाण्यात शिरली, आणि ओहोटीने उघड्या पडलेल्या खडकावर आदळून उलटली.

मी बाहेर फेकला गेलो. शुद्धीवर आलो तेव्हा पाणी गुडघाभर होतं आणि लाल होतं. आबासाहेब गाडीखाली. तो दांडा त्यांच्या छातीतून पाठीपर्यंत गेला होता. हातांत स्टेरिंग तसंच होतं. बोटं सोडवायला दोन माणसं लागली.

माझ्या उजव्या हाताची बोटं पुन्हा मिटली नाहीत. डाव्याची दोन मिटतात. पाना धरता येत नाही.

अकराव्या दिवशी सकाळी दादासाहेब खोत आमच्या वाड्यात आले. अनवाणी, डोक्यावर पागोटं नाही. मी, शिवदास पाटील आणि चार माणसं अंगणात बसलो होतो, तर सगळे आपोआप उभे राहिले. म्हातारा कोणाकडे न बघता केसरच्या उंबऱ्याशी आला आणि सारवलेल्या जागी खाली बसला.

"काल दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना," तो म्हणाला. "दुपार झाली तरी शिवेना. मला कळलं काय राहिलंय ते. बाई, गुन्हा माझ्या मुलाचा. सुकाणू त्याचं. दे."

मागायला आलेल्याला नाही म्हणायचं नाही. केसर आत गेली, स्टेरिंग आणलं आणि त्याच्या ओंजळीत ठेवलं.

म्हातारा उठला. जाता जाता माझ्यापाशी थांबला. माझ्या हातांच्या पट्ट्यांकडे बघितलं.

"दयाराम, लोक काहीबाही बोलतात. मी विचारतो, खरं सांग. ते दुसरं तू नीट बसवलं होतंस ना?"

अंगणातली सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. दारातून केसर बघत होती.

"व्हय, दादासाहेब," मी म्हणालो. "मी नीट बसवलं होतं."

म्हाताऱ्याने माझ्या डोळ्यांत बघितलं. त्याला ते पटलं. त्याने मान हलवली आणि स्टेरिंग पोटाशी धरून पोफळीच्या वाटेने निघून गेला.

मी केसरकडे वळलो. भिकू गेल्यापासून ती पहिल्यांदा हसली. जवळ आली, माझे पट्टी बांधलेले हात आपल्या कपाळाला लावले. तिला वाटलं, मी तिच्यासाठी खोटं बोललो.